वाजवून घ्यावे

चैत्र लागला की वर्ध्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला माठ, रांजण आणि सुरया मांडल्या जातात. उन्हाचा पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागतो आणि घराघरांतून एक माणूस नवा माठ आणायला निघतो. आमच्या घरातून निघणारा माणूस म्हणजे माझे वडील. ते सुतार होते, पण माठाची पारख त्यांच्याएवढी आमच्या आळीत कुणाला नव्हती. ते माठ डाव्या हाताच्या तळव्यावर तोलून धरीत आणि उजव्या हाताची मधली बोटे दुमडून त्याच्या पोटावर हलकेच टिचकी मारीत. ‘टण्ण’ असा स्वच्छ नाद उमटला आणि क्षणभर रेंगाळला, की मग भावाची बोलणी. ‘बद्द’ असा आवाज आला की माठ खाली, पुढचा माठ हातात. मी सोबत असलो की म्हणत, “डोये मिट बाबू, आन् कान उघड. तडा डोयाले दिसत नाही, कानाले दिसते.”

वाचकहो, ‘वाजवून घेणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग तुम्ही अनेकदा वापरला असेल. दोन पैशांचे मडकेसुद्धा माणूस वाजवून घेतो, मग जावई, नोकर किंवा पुढारी पारखून का घेऊ नये, असे आपण म्हणतो. नाणे खणखणीत असावे, तब्येत ठणठणीत असावी, युक्तिवाद भरीव असावा आणि आश्वासन पोकळ नसावे, ही सगळी भाषा कानाने केलेल्या पारखीतून आलेली आहे. आवाज हा वस्तूच्या अंतरंगाचा साक्षीदार आहे, हा विश्वास त्या शब्दांच्या मुळाशी आहे. या साक्षीदारावर मी साठ वर्षे भिस्त ठेवली. एका प्रसंगी त्याने मला दगा दिला. निदान मला तसे वाटले. तो प्रसंग तुम्हांला सांगायचा आहे.

आधी वडिलांविषयी थोडे. त्यांचे सगळे काम कानावर चाले. बैलगाडीच्या कण्यासाठी धावड्याचे किंवा तिवसाचे लाकूड आणले की ते दगडावर उभे आपटून पाहत. सुकलेले लाकूड खणकन बोलते आणि ओले लाकूड गप्प राहते, असे ते सांगत. आमच्या गावाचा इतिहास असा की सुताराकडे दुरुस्तीला चरखेही येत. चरखा आला की ते आधी चाक फिरवून डोळे मिटून बसत. चाती वाकडी असेल तर चाकाच्या गुणगुणण्यात एक बारीक खरखर येते, ती त्यांना ऐकू येई. मालकाने तक्रार सांगण्याआधीच दोष त्यांना कळलेला असे.

मगनवाडीतले मगन संग्रहालय तुम्ही पाहिले असेल, नसेल तर एकदा अवश्य पाहा. 1938 साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले. तेथे ओळीने ठेवलेले चरखे पाहताना मला नेहमी एका स्पर्धेची आठवण होते. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी मोठ्या नेमक्या होत्या. खेड्यातल्या बाईला तो आठ तास फारसे न थकता चालवता यावा, तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचे 16,000 वार सूत निघावे, किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी आणि तो वीस वर्षे टिकावा. ते बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. या अटींमध्ये आवाजाचा उल्लेख नव्हता. मी लहानपणी वडिलांना हे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले होते, “बाकी सारं बरोबर असलं त आवाज आपोआपच बरोबर येते.” वस्तू खरी असेल तर आवाज खरा असतो, हे त्यांचे तत्त्वज्ञान होते आणि मी ते वारशासारखे सांभाळले.

2024 च्या पावसाळ्याअखेरीस मी अमेरिकेत मुलाकडे गेलो होतो. तो तिथे संगणकाच्या क्षेत्रात काम करतो आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या संगतीने गोल्फ खेळू लागला आहे. आपल्याकडे हा खेळ जुना आहे. कलकत्त्याचा क्लब तर 1829 सालचा. मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला गोल्फची मैदाने आहेत. पण सामान्य मराठी माणसाला तो नाशिकच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’पुरताच ठाऊक, आणि तिथे लोक सकाळी फिरायला जातात, सभा ऐकतात. मलाही याहून अधिक ठाऊक नव्हते. एके दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, उद्या ड्रायव्हर घ्यायचा आहे, चला सोबत.” मला वाटले गाडीला माणूस ठेवायचा असेल. तो हसला आणि त्याने समजावून सांगितले. गोल्फमध्ये पहिला, सर्वांत लांबचा टोला ज्या काठीने मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. जवळजवळ सव्वा वाराची सडपातळ काठी आणि तिच्या टोकाला मुठीहून मोठे, गोटीसारखे गुळगुळीत डोके. त्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास.

या डोक्याचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्यात मला आपल्या जंगलातले एक झाड भेटले. सुमारे शंभर वर्षे ही डोकी पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाच्या लाकडाची करीत. हे झाड आपल्या तेंदूचे सख्खे चुलतभावंड आहे, दोघांचे वनस्पतिशास्त्रीय कुल आणि गण एकच. ज्या तेंदूची पाने विदर्भातल्या बायाबापड्या उन्हाळ्यात विडीसाठी तोडतात आणि ज्याची पिवळी टेंभरे आम्ही लहानपणी खात असू, त्याचा भाऊबंद सातासमुद्रापलीकडे साहेबांच्या चेंडूला टोले देत होता. 1979 साली गॅरी अ‍ॅडम्स या गृहस्थाने पोलादाचे पोकळ डोके बाजारात आणले. लोकांनी थट्टेने त्याला पोलादनगरीच्या नावावरून ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटले. योगायोग असा की त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली पर्थच्या कसोटीत अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात उतरला. इंग्लंडच्या कर्णधाराने हरकत घेतली, लिलीने ती बॅट रागाने भिरकावली आणि पुढच्याच वर्षी क्रिकेटच्या नियमांत बॅटचे पाते लाकडाचेच असावे असे स्पष्ट लिहिले गेले. एका खेळाने धातूला दार बंद केले, दुसऱ्याने उघडले. गोल्फमध्ये पोलादानंतर टायटॅनियम आले, मग वरच्या कवचाला कार्बन आला. लाकूड गेले, तरी त्या काठ्यांच्या कुळाला ‘वूड’ हे नाव पुष्कळ काळ चिकटून राहिले. शब्द वस्तूपेक्षा चिवट असतात, हे तुम्हां भाषेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

दुकानात एका बाजूला काचेची भिंत घातलेली खोली होती. आत जाळीच्या पडद्यावर चेंडू मारायचा आणि बाहेर यंत्र आकडे दाखवणार: काठीचा वेग किती, चेंडूचा किती, तो किती उंच आणि किती दूर गेला असता. विक्रेता सज्जन होता. तो मुलाला सांगत होता ते मुलगा मला मराठीत सांगत होता. डोक्याच्या दर्शनी भागाचा कल म्हणजे लॉफ्ट. नवशिक्याने नऊ अंशांच्या मोहात पडू नये, साडेदहा किंवा त्याहून अधिक कल घ्यावा, कारण हाताचा वेग कमी असेल तर चेंडूला वर चढायला मदत लागते. दांडा किती लवचीक असावा हेही वेगावरच ठरते. ताठ दांडा मर्दानी दिसतो, पण संथ हाताला तो साथ देत नाही. डोके जेवढे मोठे तेवढी चूक पोटात घालणारे, मात्र 2004 पासून नियमाने त्याला 460 घनसेंटिमीटरची मर्यादा आहे. दर्शनी पत्र्याने चेंडूला किती उसळी द्यावी, यालाही मर्यादा आहे. मला हे सारे ऐकताना चरख्याच्या अटी आठवल्या. एवढे नेमके मोजमाप, आणि तेही एका खेळासाठी.

किंमत ऐकली तेव्हा मी मनातल्या मनात वर्ध्याचा हिशोब केला. सहाशे डॉलरच्या आसपास, म्हणजे सुमारे पन्नास हजार रुपये. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. एक काठी म्हणजे साडेसहा क्विंटलहून अधिक कापूस. हा हिशोब मी मुलाला सांगितला नाही. त्याची कमाई त्याच्या कष्टाची होती, आणि बापाने प्रत्येक आनंदावर कापसाचा भाव चिकटवू नये एवढे मला कळत होते. पण हिशोब डोक्यातून गेला नाही. एवढ्या मोलाची वस्तू तर वाजवूनच घ्यायला हवी, असे मात्र वाटले.

आणि गंमत पाहा, तो प्रश्न दुकानातच निघाला. शेवटी दोन ड्रायव्हर उरले. आकडे जवळजवळ सारखेच. विक्रेता म्हणाला, आता हाताला जो भरीव वाटेल आणि कानाला जो गोड लागेल तो घ्या. यावर तो बरेच बोलला आणि पुढे मी वाचलेही. चेंडू आणि डोके यांचा स्पर्श सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच असतो. हाताला काही जाणवण्याआधी चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे ‘हाताला लागलेला’ टोला हा पुष्कळ अंशी कानाने ऐकलेला टोला असतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी खेळाडूंना टोले मारायला लावून हे तपासले आणि आवाज व ‘जाणीव’ यांचा जवळचा संबंध दाखवून दिला. म्हणून कारखान्यातले अभियंते डोक्याच्या आत बारीक फासळ्या घालतात, कुठे पत्रा जाड करतात, कुठे पातळ, आणि वस्तू घडवण्याआधीच तिचा आवाज संगणकावर ठरवतात. आतून पोकळ असलेल्या डोक्याने भरीव बोलावे, यासाठी ही सारी खटपट. 2007 च्या सुमारास चौकोनी डोक्याचे काही ड्रायव्हर निघाले होते. चेंडू ते सरळ मारीत, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. खेळाडू हसले आणि पुढे तो आकार मागे पडला.

मला हे ऐकून वडिलांच्या तत्त्वज्ञानाची काळजी वाटली. आवाज जर वेगळा घडवता येतो, तर तो साक्षीदार कसला? तो तर पढवलेला साक्षीदार. पण लगेच दुसरे सुचले. माठही पोकळच असतो. तबला पोकळ, वीणेचा भोपळा पोकळ. पोकळ असणे हा दोष नव्हेच, तडा असणे हा दोष. वडील माठाच्या पोटात माती भरली आहे की नाही हे पाहत नव्हते, ते फक्त तडा शोधत होते. ‘पोकळ’ या शब्दावर आपण भाषेत केवढा अन्याय केला आहे!

तेवढ्यात मुलगा आत गेला. मी काचेअलीकडे उभा. त्याने पहिल्या ड्रायव्हरने चार टोले मारले, मग दुसऱ्याने चार. दार उघडून त्याने विचारले, “बाबा, यातला कुठला भरीव वाटतो? आजोबांचा कान तुमच्याकडे आहे.”

वाचकहो, मला काहीच फरक कळला नव्हता. आठही टोले मला सारखेच ऐकू आले होते: ‘बद्द’, ‘बद्द’, ‘बद्द’. वडिलांच्या कसोटीने दोन्ही माठ तडकलेले. अशा वेळी खरे बोलायला केवढेसे धैर्य लागते? “मला कळत नाही रे” एवढेच म्हणायचे होते. पण विक्रेता पाहत होता, मुलाच्या डोळ्यांत आजोबांचा अभिमान होता, आणि मी पारख्याचा मुलगा होतो. मी डोळे मिटल्यासारखे केले, क्षणभर थांबलो आणि म्हणालो, “पहिला. पहिला खणखणीत आहे.” त्याने पहिला घेतला.

त्या रात्री झोप आली नाही. खोटे लहान होते, पण ते मी वडिलांच्या नावावर खपवले होते. शिवाय दुसरी शंका मनात शिरली होती. टोला मारल्यावर विक्रेत्याची भिवई एकदा उडालेली मी पाहिली होती. त्याला काहीतरी ऐकू आले होते, ते मला आले नव्हते. गेल्या दोन-तीन वर्षांत सूनबाई बोलली की मी “काय?” म्हणू लागलो होतो आणि हल्लीची माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात, असा शेराही मारू लागलो होतो. घरी परतल्यावर मी सेवाग्रामला जाऊन कान तपासून घेतले.

कानांत यंत्राच्या कळ्या घालून बंद खोलीत बसवतात. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. तपासणाऱ्या मुलीने नंतर मला कागदावरचा आलेख दाखवला. डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे, रेषा बऱ्यापैकी वर होती. दोन हजार हर्ट्झ ओलांडले की ती गोदाघाटाच्या पायऱ्यांसारखी खाली उतरत गेली होती. तिने विचारले, “काकाजी, कधी गोंगाटात काम केलंत?” शिक्षक होण्याआधी मी अकरा वर्षे हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रे हंगामात दिवसरात्र चालत आणि माझे टेबल त्यांच्यापासून वीस पावलांवर होते. त्या काळी आम्ही कानात बोळा घालत नव्हतो, घालायचा असतो हे कुणी सांगतही नव्हते. वयाचा वाटा आणि गोंगाटाचा वाटा, दोन्ही त्या रेषेत उतरले होते.

मग मला सारे उलगडले. टायटॅनियमच्या पातळ डोक्याची किणकिण साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या टापूत आणि त्यापुढे असते. माझा कान नेमका तिथेच संपतो. किणकिण गाळून टोल्याचा जो धप्पा उरला, तेवढाच काचेतून माझ्यापर्यंत पोहोचला. माठाचा नाद पुष्कळ खालच्या स्वरात असतो, म्हणून बाजारात मला माझी उणीव कधी कळलीच नाही. आणि ‘स’, ‘श’ यांचा सळसळाट वरच्या स्वरात असतो, म्हणून सूनबाईचे शब्द अर्धवट पोहोचत होते. तिच्या बोलण्यात दोष नव्हता. पुढे वाचनात आले की हे टोले कानाला निरुपद्रवीही नसतात. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी एका पंचावन्न वर्षांच्या गोल्फपटूची हकिगत दिली होती. पातळ पत्र्याच्या ड्रायव्हरने नियमित खेळणाऱ्या त्या माणसाचा उजवा कान अधू झाला होता.

बद्द आवाज आला तेव्हा मी तडा वस्तूत शोधत होतो. तडा वाजवणाऱ्याच्या कानात होता.

मी मुलाला फोन केला आणि सगळे सांगितले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मला तो पहिला जरा किणकिणतो असंच वाटलं होतं बाबा. दुसरा आवडला होता. पण तुम्ही म्हणालात म्हणून म्हटलं, माझंच चुकत असेल.” आणि मला बरे वाटावे म्हणून पुढे म्हणाला, “चेंडू सरळ जातो, लॉफ्ट बरोबर आहे. आवाजाची सवय होते.” त्याच्या या समजूतदारपणानेच मला अधिक टोचले. त्याचा कान धड होता. माझ्या खोट्या अधिकारापुढे त्याने स्वतःच्या धड कानावर अविश्वास दाखवला. पन्नास हजारांपेक्षा हे नुकसान मोठे. मी त्याला म्हटले, “खेळताना कानात बोळा घालत जा. आणि पुढच्या वेळी मला विचारू नकोस, स्वतः ऐक.”

आता माझ्या कानामागे एक छोटे यंत्र असते. पहिल्या दिवशी ते घातले तेव्हा कागद चुरगळल्याचा आवाज वीज कडाडल्यासारखा वाटला आणि कढईतली फोडणी पुन्हा चुरचुरली. यंदा चैत्रात मी माठ आणायला गेलो. मातीचा ढीग मागे टाकून बसलेली बाई म्हणाली, “वाजवून घ्या काकाजी, पण हळू वाजवा.” मी टिचकी मारली. तोच जुना नाद, पण त्याच्या शेपटाला एक बारीक झंकार होता. तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वडील इतका वेळ माठ कानाशी का धरून ठेवीत, ते तेव्हा कळले. ते त्या झंकाराच्या विझण्याची वाट पाहत असणार.

वाचकहो, तुम्ही साहित्याचे विद्यार्थी आहात. पारख हा तुमचा व्यवसाय होणार आहे. कविता, कथा, भाषणे, माणसे, आणि कदाचित एखादी गोल्फची काठीही, सारे वाजवून घ्या. एखादा लेख ‘बद्द’ वाटला तर तो बाजूला ठेवण्याआधी एकदा स्वतःचा कानही तपासून पाहा. मोठ्या माणसाने ‘खणखणीत’ म्हटले म्हणून आपले ऐकणे खोटे ठरवू नका. आणि ऐकू आले नसेल तर ‘ऐकू आले नाही’ असे म्हणा. वडिलांच्या कसोटीला हे एक कलम मी माझ्या पदरचे जोडले आहे. ते शिकायला मला बरीच किंमत पडली, तुम्हांला ते या पुस्तिकेत फुकट मिळते आहे. तरीही तेही वाजवूनच घ्यावे.